आभा खलास

अल मजाज, शारजा
९ फेब्रुवारी २०२५

आभा,

आशीर्वाद वेगळे लिहीत नाही. ते तुला जन्मापासून चालू आहेत आणि बंद करायची सोय मी ठेवलेली नाही.

तुमच्या घरी येऊन मला बरेच दिवस झाले. संगमनेरच्या माणसाला विसाव्या मजल्यावर ठेवलं की त्याचं जे होतं तेच माझं झालंय: खिडकीशी गेलो की खुर्ची धरतो. सकाळी लगूनच्या काठाने फिरून येतो. तुझा बाप राजा आठवडाभर फुजैराला, तेलाच्या टर्मिनलवर, लोकांना हेल्मेट घाला म्हणून ओरडायला. तुझी आई प्रमिला शाळेच्या ऑफिसात. घरी मी आणि माझं कानातलं मशीन. डावा कान तर कधीच गेला, आणि उजव्यातलं मशीन फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. म्हणून हे टॅबवर पत्र लिहायचे उद्योग.

इथली बोली मला लोकांच्या तोंडावरून वाचावी लागते. 'यल्ला' ओळखता येतं, कारण ते म्हणून सगळे चालू लागतात. 'इन्शाल्ला' राजा लिफ्ट येईल का यालाही म्हणतो. खालच्या किराणा दुकानातला कुट्टी मात्र ब्रेड मागितला की हात झटकून एकच शब्द बोलतो, तो अजून मला पकडता आलेला नाही. मी आपला खबूस, म्हणजे इथली रोटी, घेऊन वर येतो.

आता मुद्द्याचं. प्रमिला येणाऱ्याजाणाऱ्याला तुझा व्हिडिओ दाखवते. तू जॉर्जियातल्या त्या बर्फाच्या गावात लहान मुलांना स्की बांधून पेंग्विनसारखं चालायला शिकवतेस. "आमची आभा बालवाडीच चालवते, फक्त बर्फात," असं ती सांगते. दुबईच्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर शिकलेली मुलगी, तिला याहून अवघड काम कोण देणार, असा तिचा समज. पण तू मला परवा जो फोटो पाठवलास, त्यात तुझ्या मागच्या काळ्या कड्यात एक पांढरी उभी फट आहे, आणि त्या फटीतून थेट तुझ्या पायापर्यंत नागमोडी रेघा आल्या आहेत. मी जन्मभर भूगोल शिकवला आणि उमेदीत सह्याद्री पायाखाली घातला. ती नाळ आहे, आणि त्या रेघा पेंग्विनांच्या नाहीत.

खरं काय ते सांग.

सदानंदकाका


गुडौरी, जॉर्जिया
१२ फेब्रुवारी

काका,

इंग्रजी मेलला तुम्ही उत्तर देत नाही म्हणून मराठीत टाइप करतेय. चुका काढू नका.

होय, रेघा माझ्या आहेत.

इथे त्याला कुलुआर म्हणतात, पण मी मनात नाळच म्हणते, कारण तो शब्द तुमचा. सातवीच्या सुट्टीत तुम्ही मला तसल्याच एका नाळेतून वर नेलं होतं. दोन्ही बाजूंना कडा आणि मध्ये दगडधोंड्यांची उभी घळ. मी रडत होते आणि तुम्ही पुढे उभे राहून शेंगदाण्याची चिक्की खात होता. इथे ती घळ बर्फाने भरलेली असते आणि आम्ही तिच्यातून खाली येतो, एवढाच फरक.

उतार इतका उभा असतो की उभ्या उभ्या कोपर बाजूच्या बर्फाला टेकतं. सरळ सुटायचं नसतं. उडी मारायची, हवेतच स्की फिरवायच्या, त्यांच्या कडा बर्फात रुतवून थांबायचं. एक श्वास, आणि परत उडी. वळायला जागा कधीकधी स्कीच्या लांबीइतकीच. आपण उडी मारली की सुटा बर्फ पोत्यातून साखर सांडावी तसा सूं करत खाली निघतो. त्याला आधी जाऊ द्यायचं, मग आपण जायचं. त्या वेळी डोक्यात दुसरं काहीच नसतं काका. भाडं नाही, व्हिसा नाही, लग्नाचं काय ठरवलंस नाही. मॉलमधल्या बर्फावर शिकवत होते तेव्हा दिवसभर तोच उतार, तीच गाणी, आणि नीट सुरुवात करावी तोवर उतार संपायचा. मला त्याचा राग यायचा. इथे नाही येत.

एकटी जात नाही. झाझा म्हणून इथला गाइड असतो, आणि ग्लेन. अल नहदातल्या पॉलिन आंटीचा मुलगा, वसईवाले, आठवतात ना? तो इथल्या हॉटेलात फ्रंट डेस्कला आहे.

महिनाअखेर हवा उघडली की आम्ही एक मोठी नाळ करणार आहोत. झाझाच्या गावात तिला पाद्र्याची बाही म्हणतात. वर खांद्याशी रुंद, खाली मनगटाशी चिंचोळी. खालून चढता येत नाही, मागच्या सोंडेवरून डोक्यावर जायचं आणि वरून आत उतरायचं. मधल्या टप्प्यात डावीकडची भिंत संपते आणि बाजूला नुसती हवा असते. तिथे पडायची परवानगी नाही, असं झाझा म्हणतो.

आई-बाबांना प्लीज सांगू नका. बाबा मला त्यांच्या टर्मिनलसारखं सेफ्टीचं परमिट भरायला लावतील आणि आई झोपणार नाही.

आभा


अल मजाज
१६ फेब्रुवारी

आभा,

तुझं पत्र वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. तरी मजकूर तोच राहिला.

तुला नाळेत पहिल्यांदा मी नेलं, हे तू चिक्कीसकट नोंदवून ठेवलंयस. हुशार आहेस. पण आपण चढत होतो गं. चढताना घाबरलं की माणूस खाली बसतो. तू सांगतेस त्या जागी बसायचीसुद्धा सोय नाही. मला भीती वाटते आहे, हे स्पष्टच लिहितो. काल लगूनच्या काठी बाकावर बसलो तरी मला डावीकडची भिंत संपल्यासारखी वाटत होती.

त्यात या घरात तोंड बंद ठेवायचं म्हणजे परीक्षा. आज राजा घरी आहे. जेवताना तो टर्मिनलच्या गोष्टी सांगत होता. त्यांच्याकडे प्रत्येक कामगाराच्या खिशात एक लाल कार्ड असतं म्हणे. काम धोक्याचं वाटलं तर कोणीही, अगदी काल लागलेला हेल्परही, ते वर करून सगळं काम थांबवू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही असा नियम. राजाने स्वतःचं कार्ड काढून मला दाखवलं. मी ते हातात धरून तुझा विचार करत बसलो. प्रमिला म्हणाली, "भावजी, आमटी जमली नाही का?" मी म्हटलं, जमली, आणि आणखी दोन पळ्या वाढून घेतल्या. आमटी खारट होती.

तुला अडवायचा अधिकार मला नाही, आणि अडवलं तर पुढचं तू मलाही सांगणार नाहीस. म्हणून दोन अटी. खाली आल्याबरोबर, चहाचा कप हातात घेण्याआधी, मला निरोप. आणि दुसरी अशी की वर पोचल्यावर मन नाही म्हणालं तर परत फिरायचं, आणि त्यासाठी झाझाला, ग्लेनला, मला, कोणालाही कारण द्यायचं नाही. तुझ्या खिशात लाल कार्ड नाही, तेव्हा हे पत्र छापून खिशात ठेव.

काका


गुडौरी
२४ फेब्रुवारी

काका,

दुसरी अट वाचून हसले. हा माझा तिसरा हिवाळा, आणि मी परत फिरणाऱ्यांतली नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पण कबूल, कबूल.

बुधवारपासून हवा उघडतेय. गुरुवारी पहाटे निघू. वर फोनला रेंज नसते, पण ग्लेनकडे उपग्रहावरून निरोप पाठवायचं छोटं यंत्र आहे. त्यात तुमचा नंबर घातलाय. गारठलेल्या बोटांनी त्यावर टाइप करणं म्हणजे शिक्षा, त्यामुळे दोन-चार शब्दच येतील. दुपारपर्यंत वाट बघा.

आमटी खारट असेल तर आईला सांगत जा. तिला आवडतं भांडायला.

आभा


अल मजाज
२७ फेब्रुवारी

राजा,

फोनवर मला बोलता येत नाही आणि तू समोर नाहीस, म्हणून लिहितो. जिथे असशील तिथे आधी खाली बस.

आभाने मला एक गोष्ट सांगितली होती आणि मी ती तुम्हा दोघांपासून लपवली. ती तिकडे नुसती मुलांना शिकवत नव्हती. कड्यांमधल्या बर्फाच्या उभ्या नाळेतून स्कीवर खाली यायची. आज पहाटे अशाच एका नाळेवर ती गेली. खाली आल्यावर मला निरोप यायचा होता. तो आलाय. ग्लेनने पाठवलाय, इंग्रजी अक्षरांत. जसाच्या तसा देतो:

"आभा खलास. यल्ला, बाकी नंतर."

मी खूप वेळ तेवढंच बघत बसलो. दुसरा काही अर्थ निघतो का ते पाहिलं. आपल्याकडे साखर खलास झाली तर माणूस दुकानात जाऊन आणतो. पण माणूसच खलास झाला म्हणजे पुढे काय लिहायचं ते मला सुचत नाही. ग्लेनवर माझा राग नाही. त्या थंडीत त्या पोराने याहून जास्त काय लिहावं. यल्ला म्हणजे चला, एवढं मला कळतं. तिला खाली आणायला निघाले असतील.

मी तिला अडवलं नाही, राजा. अटी घालत बसलो.

प्रमिला आता शाळेतून येईल. किल्लीचा आवाज मला येत नाही, बाहेरच्या पॅसेजमधला दिवा लागला की कळतं. दिवा लागलाय. मी तिला कसं


अहो,

वर भावजींनी लिहिलंय ते तसंच ठेवलंय, कारण ते मला पुसू देत नाहीत. आभा सुखरूप आहे. मेलच्या विषयातही मोठ्या अक्षरांत तेच घातलंय.

मी आत आले तर भावजी टेबलाशी बसलेले. त्यांनी नुसता टॅब माझ्याकडे सरकवला. मी निरोप वाचला आणि म्हटलं, "काय खलास झालं हिचं? सुट्टी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायचं मला सुचलं नाही. मग त्यांचं पत्र वाचलं. पोरगी कड्यावरून उतरते, ती आज उतरायला गेली, आणि भावजी म्हणतात ती गेली, हे सगळं एकाच पानावर. डोकं चालायला वेळ लागला. मग पॉलिनला फोन लावला. तिलाही ग्लेनचा निरोप होता: "ऑल डाउन, टी टाइमला हॉटेल." मी तिला तो परत परत वाचायला लावला. शेवटी ती म्हणाली, "प्रमिला, ऑल म्हणजे तिघं गं. तुझी आभा पण त्यात आली. यल्ला, पाणी पी आधी."

मग मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भावजींपुढे धरलं: 'इथे खलास म्हणजे झालं. काम झालं. संपलं. खालचा कुट्टी रोज तुम्हाला ब्रेड खलास म्हणतो.' त्यांनी तो कागद वाचला, कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि रडले. मीही रडले. आता चहा ठेवलाय.

आभाला काय बोलायचं ते नंतर बघू. तुम्ही निघणार हे मला माहीत आहे. गाडी सावकाश चालवा.

प्रमिला


अल मजाज
१ मार्च

आभा,

गुरुवारी फोनवर मी रडत होते आणि तू "आई, रेंज नाही" म्हणत होतीस, त्यामुळे रागवायचं राहून गेलं. ते आता करते.

तुला काय वाटलं, मी इतकी भोळी आहे? बालवाडीच्या बाईचे ओठ असे फुटत नाहीत. दर व्हिडिओ कॉलला तू गॉगलच्या जागी गोरी आणि बाकी तांबडी. काहीतरी शिजतंय हे मला कळत होतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. पण ते एवढं उभं असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. भावजींनी तुझी पत्रं मला दाखवली. कोपर बर्फाला टेकतं हे वाचल्यापासून मी घरात भिंतीपासून लांब उभी राहते.

आणि भावजींना तू का वेठीला धरलंस? म्हातारा माणूस, ऐकू येत नाही, परक्या देशात दुपारभर एकटा टेबलाशी बसला होता. त्यांचं तोंड मी पाहिलंय, तू पाहिलेलं नाहीस. एवढंच रागवायचं होतं. झालं.

आता बाकीचं. बाबा त्याच संध्याकाळी फुजैराहून आले. दारात बूट काढले, दोन वाट्या शिरा खाल्ला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. शिरा मी तुझ्यासाठी केला होता, तू ती बाही उतरलीस म्हणून. मजल्यावर सगळ्यांना दिला. बाराच्या भावात गेली ती बालवाडी, आता मी सगळ्यांना नाळेचं सांगते. ऑफिसातल्या रुखसारने काल केक आणला, पांढऱ्या क्रीमचा डोंगर आणि त्यावर प्लास्टिकची बाई. "उद्यापासून रोजे, आजच खलास करायचा," म्हणाली. हा शब्द माझा पिच्छा सोडत नाही.

भावजींचं तर विचारूच नकोस. त्यांना नवं खेळणं मिळालंय. जेवण झालं की खलास, अंघोळ झाली की खलास. सकाळी खाली जाऊन कुट्टीलाच छाती काढून खलास म्हणून आले. तो बिचारा दुकान बंद करायला लागला.

मी घाबरलेली आहे आणि अजून बराच काळ घाबरलेली राहीन. पण रुखसारला सांगताना माझी मान ताठ झाली होती, हेही खरं आहे. माझी पोरगी ते करून आली. पुढे मात्र असलं काही लपवायचं नाही.

आई


गुडौरी
४ मार्च

आई, बाबा, काका,

तिघांना एकच पत्र लिहितेय, कारण एकेकाला सांगायची हिंमत नाही.

मी पाद्र्याची बाही उतरले नाही.

वर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच आलं होतं. वारा नव्हता. इतकं छान की पोस्टकार्डवर छापावं. झाझाने दोर बांधून थोडं खाली जाऊन बर्फ कापून पाहिला आणि मान हलवली, चालेल. पहिली मी जाणार होते. ग्लेनने पाठीवर थाप मारली. मी स्की बांधून काठावर आले, पुढची टोकं हवेत. मग माझ्या काठीने खाली टोचून पाहिलं, इथे, तिथे, आणि एका जागी आवाज वेगळा आला, बर्फाचा वरचा थर खालून सुटा असला की येतो तो. आपल्या बाथरूममध्ये सुटलेली फरशी वाजते ना, तसा पोकळ. बाबा, ती तुम्ही अजून बसवलेली नाही.

झाझा म्हणाला, तेवढीच जागा आहे, बाजूने जा. खरंही असेल. तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतो. मी खाली बघितलं. मी घाबरले होते असंही सांगता येत नाही. पण ती फरशी मला वाजत राहिली.

आणि मग बाबा, मला तुमचा आवाज आला. वेड्यासारखं वाटेल, पण आला. लगूनच्या बागेत झोपाळ्यावर मी अजून एक, अजून एक करायचे, आणि तुम्ही टाळी वाजवून म्हणायचात, "आभा, खलास. यल्ला, घरी." आणि मी उतरायचे. मी तिथे उभी राहून ते मोठ्याने म्हटलं. खलास. झाझाला काही कळलं नाही. ग्लेनला कळलं, तो शारजातच वाढलाय. त्याने मला काही विचारलं नाही. नुसतं यंत्र काढून काकांना कळवलं, आभा खलास. म्हणजे आभाला पुरे झालं. यल्ला, आम्ही परत निघालो.

आम्ही सोंडेवरून निम्म्यात आलो असू, तेव्हा दोन पोलिश मुलं वर गेली आणि तीच बाही उतरली. खालून त्यांच्या आरोळ्या ऐकू आल्या. त्यांना काही झालं नाही. दिवसभरात तो बर्फ जागचा हललासुद्धा नाही. तेव्हा मी उगाच फिरले असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

फोनवर आई म्हणाली, "उतरलीस ना गं माझी बाई," आणि मी रेंज नाही म्हटलं. रेंज होती. नंतर सांगणार होते, तर आईचं पत्र आलं, शिरा, केक, मान ताठ. मग सांगणं आणखी अवघड झालं. मला लाज वाटत होती, न उतरल्याची, आणि आता न सांगितल्याचीही. रुखसार आंटीला केकचं काय सांगायचं ते मला कळत नाही.

काका, तुमच्या दुसऱ्या अटीला मी हसले होते. पत्र खरंच खिशात होतं.

आभा


फुजैरा
६ मार्च

आभा,

रमदानमुळे साइट लवकर बंद होते आणि मी रोज घरी जातो; आज निघण्याआधी ऑफिसात बसून लिहितोय. मला दादासारखं लिहिता येत नाही. माझा हात इन्सिडेंट रिपोर्टला सरावलेला.

त्या गुरुवारी मेल आला तेव्हा मी जेट्टीवर होतो. नेहमीप्रमाणे विषय वाचलाच नाही, सरळ मेल उघडला. पहिल्यांदा डोळ्यात भरलं ते 'आभा खलास'. मला वाटलं नोकरी खलास, पोरगी घरी येतेय. तुला खरं सांगतो, मला आनंद झाला. मग वरपासून वाचलं. मग खाली आईचं वाचलं. दोन्हीच्या मधल्या वेळाबद्दल मी लिहिणार नाही. गाडी मी सावकाशच चालवली. डोंगरातल्या बोगद्यांमधून येताना दोनदा बाजूला थांबलो.

शिरा खाल्ला. सगळे खूश आणि मला वाटत होतं, आता ही याहून उभं काहीतरी शोधणार. जी पोरगी एकदाही परत फिरत नाही, तिच्या बापाने प्रत्येक गुरुवारी काय करायचं? ते मी आईला बोललो नाही. बाल्कनीत उभा राहिलो. तुझं परवाचं पत्र आलं आणि त्या रात्री मला झोप लागली. सकाळी आईने हलवून उठवलं.

तू लिहितेस की तुझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे आहे, हेच माझं काम आहे. लाल कार्ड आमच्याकडे सगळ्यांच्या खिशात असतं. मी ट्रेनिंग देतो, स्लाइड दाखवतो, सगळे माना डोलावतात. पण ते खरोखर बाहेर काढणारा माणूस फार विरळा भेटतो. काम थांबवलं आणि काही झालंच नाही, तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळे हसतात ना, त्याला लोक घाबरतात. आगीला एवढे घाबरत नाहीत. त्या पोलिश मुलांना काही झालं नाही, बरं झालं, त्यांच्याही आया कुठेतरी वाट बघत असतील. तुलाही काही झालं नाही. रिपोर्टमध्ये आम्ही दोन्ही केसेस एकाच रकान्यात भरतो, पण मी कोणाला नोकरीवर ठेवीन ते मला माहीत आहे.

आईची काळजी करू नकोस. तुझं पत्र वाचून तिने डोळे पुसले, मग स्वयंपाकघरात गेली आणि परत शिरा केला. मजल्यावर परत वाटला. लोकांनी विचारलं, आता काय? तर म्हणाली, आभा उतरली नाही म्हणून. रुखसारच्या घरीही इफ्तारला एक डबा पाठवला. तिने उलट कळवलंय की प्लास्टिकची बाई जपून ठेवा, पुढच्या वर्षी तोच केक करू, बाई फक्त डोंगराच्या वरच उभी करू. दादा म्हणतो, पहिला शिरा घाईचा होता, बेदाणेसुद्धा फुगले नव्हते. तो दर फोनला तुला एक निरोप द्यायला सांगतो आणि मग स्वतःच म्हणतो, खलास, मी लिहीन.

पुढच्या हिवाळ्यात रजा टाकून मी तिकडे येतो. वर येणार नाही. खाली उभा राहीन, थर्मास घेऊन. तू कुठल्या बाजूने खाली आलीस याच्याशी मला काही कर्तव्य नाही. फरशी या शनिवारी बसवतो, इन्शाल्ला.

तुझ्या पत्रात एकच दुरुस्ती आहे. तू लिहिलंयस की मी बागेत खलास म्हटलं की तू उतरायचीस. आभा, तू एकदाही उतरली नाहीस. दर वेळी मला झोपाळा धरून थांबवावा लागायचा आणि तुला उचलून घरी न्यावं लागायचं, तू पाय झाडत असायचीस आणि सगळी बाग बघत असायची. त्या डोंगरावर झोपाळा धरायला मी नव्हतो. तू आपली आपण उतरलीस.

बाबा